बंगला न पाहिलेले चौघे

आरे कॉलनीतल्या त्या बंगल्याची त्या सकाळी स्थळपाहणी होती. मी चौकशी आयोगाचा टिपणं घेणारा. तपासाच्या कागदांत चार बडी नावं होती: एक माजी मंत्री, एक बिल्डर, एक सिनेनिर्माता आणि एक महाराज. हा बंगला आपण कधी पाहिला नाही आणि बाकीच्या तिघांना ओळखत नाही, असं चौघांनी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं होतं. आज आयोगाने चौघांनाही इथं हजर राहायला लावलं होतं. चौघांचा वकील मात्र एकच होता.

बंगल्याचा वॉचमन आकाश वर्षभर बेपत्ता होता. आज चौघांचा बंगल्याशी किंवा एकमेकांशी संबंध दिसला नाही तर आयोग गुंडाळणार, आणि त्याचा शोधही. त्याची आई, द्रौपदीबाई, गोवंडीहून आली होती.

"साहेब, आज काय होईल?"

"चहा तर नक्की होईल," मी म्हणालो. ती हसली. तेवढंच बरं वाटलं.

आत संगमरवर, म्हणून सगळ्यांनी गवतातच पादत्राणं काढली. त्या चौघांनी तर एकमेकांपासून चांगली लांब, शिस्तीत अनोळखी राहून.

आत काहीच सापडलं नाही. बाहेर आलो, तर आमच्या चपला गवतातच होत्या. चौघांच्या मात्र व्हरांड्याच्या पायरीवर एका ओळीत. मंत्र्यांच्या कोल्हापुरी, त्यांना खेटून बिल्डरचे बूट, मग एका जोडाची रिकामी जागा, मग निर्मात्याचे बूट, शेवटी महाराजांच्या खडावा.

"कोणी हलवल्या?" आयोगाच्या अध्यक्ष अनुपमा मॅडमनी विचारलं.

"मी इथंच उभा होतो मॅडम," हवालदार म्हणाला. "आईशप्पथ."

मॅडमनी सगळं माझ्याकडून परत गवतात विखरून घेतलं. नोकरीत हेही येतं. मग सगळ्यांना पाठ फिरवायला सांगितलं.

पाखरं गप्प झाली. ओल्या पाचोळ्याचा वास आला.

वळून पाहिलं. तीच ओळ. तोच क्रम.

महाराजांचा आवाज फाटला. "नाना, चल ना इथून."

माजी मंत्र्यांनी मान खाली घातली.

"नाना?" मॅडम म्हणाल्या. वकिलाने डोळे मिटून घेतले.

"लिहा," मॅडम मला म्हणाल्या. "चौकशी चालू राहील. मुलाचा शोध आजपासून नव्याने."

द्रौपदीबाई ऐकत नव्हती. ती पायरीपाशी बसली होती. मधली जागा आता रिकामी नव्हती. तिथे चिखलाने माखलेल्या रबरी चपला होत्या.

"आकाशच्या," ती म्हणाली. "हा पट्टा मीच शिवलाय. हात लावून बघा साहेब."

मी लावला. रबर कोमट होतं. बोटांच्या खळग्यांत घाम अजून ओला होता.