दहा वाजता पेटवलेला राब

कुंपणावरून उडी मारून एक अनोळखी माणूस आमच्या बागेत उतरला, आणि मी काही म्हणायच्या आत त्यानं बादलीभर पाणी माझ्या राबावर ओतलं. फस्स... वाफेचा ढग उठला. तो निवळला तेव्हा समोर खाकी कपड्यांतला एक तरुण उभा होता. धापा टाकत होता आणि स्वतःवर भलताच खूश होता.

“वाचलात,” तो म्हणाला.

“कशापासून?”

“आगीपासून. पार गेटापासून धूर दिसला मला.”

“राब होता तो. शेण, पाला, गवत... तीन दिवस थर रचत होते मी. ही जमीन भाजली की तिच्यात भाताची रोपं जोमानं येतात.”

त्यानं राबाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“आमच्या माणदेशात भात पिकतच नाही हो...”

“मग बादली तरी तिकडंच ठेवायची.”

पलीकडच्या क्वार्टरमधून शालनबाई खिदळल्या. “मंजुळे, अगं कंपनीच्या आगीच्या बंबावरचा ज्योतीराम तो. चूल पेटवली तरी धावत येतो.”

तो हसला नाही. खाली बसून ओल्या राखेत बोटं घालून पाहू लागला. “पुन्हा रचता येईल?”

“शेण तुम्ही आणलंत तर.”

“आणतो,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “पण आधी एक सांगायला हवं. बागांमधली जाळपोळ बंदच करायची असं ऑफिसात चाललंय. साहेबांनी मला रिपोर्ट द्यायला सांगितलाय. सोमवारपर्यंत.”

माझं हसू तिथंच थांबलं.

पिंपरीला कारखाना आला त्यात दादांची, माझ्या वडलांची, जमीन गेली. नोकरी मिळाली, क्वार्टर मिळाली. पवनेच्या काठाला आठ गुंठे तेवढे उरले. दिवसभर तिथं राखणीला कोण बसणार, म्हणून रोपं क्वार्टरच्या बागेत करायची असं मीच सुचवलं होतं. ड्यूटीवरून आले की दादा कपडे न बदलता त्या वाफ्यापाशी उकिडवे बसत. तेवढा वेळ ते पूर्वीचे सोपानराव दिसत. राब बंद झाला असता, तर भात गेला असता... आणि दादांचं ते बसणंही.

“रिपोर्ट लिहायच्या आधी एकदा राब बघा,” मी म्हटलं. “रविवारी. सूर्य वर यायच्या आत या, वारा पडलेला असतो.”

“येतो.”

रविवारी उजाडलं, ऊन अंगणात आलं, तरी त्याचा पत्ता नव्हता. शेण इकडून तिकडून गोळा करून मी राब पुन्हा रचून ठेवला होता.

“पेटव की,” दादा म्हणाले. “वारं सुटल मागनं.”

“थांबू या जरा. बघितल्याशिवाय लिहिणार कसे ते?”

दादांनी माझ्याकडं नीट पाहिलं. “व्हय, बगायला तर पायजेच,” म्हणाले, आणि तंबाखू मळू लागले.

दहा वाजता तो आला. डोक्यावर शेणाची पाटी, दोन्ही हातांत बादल्या, डोळे तारवटलेले. रात्रपाळीच्या जोडीदाराला ताप आला म्हणून दुसरी शिफ्टही त्यानंच केली होती.

“बादल्या कशाला आणल्यात?” मी विचारलं.

“तुमचा भरवसा नाही.”

“माझा का राबाचा?”

“राबाचा आहे थोडा...”

मी वाऱ्याच्या उलट्या बाजूनं राब पेटवला. ज्वाळा नव्हतीच. वर पसरलेल्या मातीखाली आग मुंगीच्या पावलानं सरकत होती. तो भान हरपून बघत होता. मी राबाऐवजी त्याच्याकडं बघत होते – आणि तेवढ्यात वावटळ आली.

मातीचा थर उडाला. पेटता पाला भिरभिरत शालनबाईंच्या तुराट्यांच्या कुंपणावर पडला, आणि कुंपण कडकड पेटलं. तो बादली घेऊन धावला, मी फावडं घेतलं. पाणी संपलं तसा तो तुराट्या उपटून मोकळ्या जागेत फेकू लागला, मी त्यांवर माती लोटत राहिले. आग विझली तेव्हा निम्मं कुंपण गेलं होतं. शालनबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. “झालं का बघून दोघांचं?”

दादांनी माझ्या हातातलं फावडं घेतलं. भिंतीला टेकवून आत खिडकीपाशी जाऊन बसले. ते मला शिव्यांपेक्षा लागलं.

ज्योतीरामच्या हाताला फोड आले होते. मी कोरफड कापून आणली. तो खाली बघून म्हणाला, “मला खरं लिहावं लागेल, मंजुळाबाई.”

“खरंच लिहा. पण सगळं लिहा. राब सकाळी लावायचा असतो, आम्ही दहाला लावला.”

“साहेब विचारतील, उशीर का झाला...”

“तेही सांगा.”

“काय सांगू?”

कोरफडीचा गर मी त्याच्या तळहातावर लावत होते. त्यानं हात काही मागं घेतला नाही.

“मी तुमची वाट बघत होते, म्हणून.”

त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या. मग हळूच म्हणाला, “हे... रिपोर्टात नाही लिहिता येणार.”

“मग कुठं लिहिणार?”

“गावाला, माणला. माझ्या मामांना पत्र घालतो. मोठं माणूस नको का दादांना विचारायला?”

सोमवारी त्यानं सगळं लिहिलं. जळालेलं कुंपण, आमचा उशीर, स्वतःचा उशीरही. खाली तीन सूचना केल्या. राब सूर्य वर यायच्या आत लागावा. तुराट्यांची कुंपणं काढून शेवरीची जिवंत कुंपणं करावीत. आणि बंबावरचा एक माणूस हजर असावा.

गुरुवारी ऑफिसनं तिन्ही मान्य केल्या. कागद घेऊन तो दारात आला, दादांना वाचून दाखवला.

“आन् त्यो हजर राहणारा मानूस कोन?” दादांनी विचारलं.

“मीच,” तो म्हणाला. “दरवर्षी.”

दादांनी कागद घडी करून खिशात घातला. वाफ्याकडं जाता जाता मागं न बघता म्हणाले, “मंजुळे, पावण्यांना च्या टाक. मामा कंदी येनार ते बी इचार.”