आत्याचं दुसरं बोट

भांड्यांच्या त्या दुकानाच्या दारावर एक पितळी घंटा होती. गिऱ्हाईक आत आलं की ती एकदा वाजायची. पण ती मुलगी आली त्या धुकट सकाळी घंटा दोनदा वाजली... एकदा ती आत आली तेव्हा, आणि एकदा तिच्यामागे दार लागून गेल्यावर.

दुकानदारानं मान वर करून तिच्या पाठीमागे पाहिलं. "दोघी आहात ना?"

"एकटीच आहे."

"असं?" तो अजून दाराकडेच बघत होता. "मग वारा असेल. बोला, काय दाखवू?"

"दही लावायला काहीतरी द्या. घरी लागतच नाहीये."

"विरजण घालताना दूध किती गरम असतं?"

"करंगळीला सोसेल इतकं."

"बघू करंगळी."

तिनं हात पुढे केला. त्यानं तो धरला आणि बराच वेळ तपासला. दह्याच्या दृष्टीनं एवढा वेळ लागायचं काहीच कारण नव्हतं.

"बर्फ आहे नुसता," तो म्हणाला. "अशा बोटाला कोमट दूधसुद्धा कढत लागतं. तुम्ही दूध पार गार करून विरजता."

"मग असाच धरून ठेवलात तर दही लागेल का?"

त्यानं हात सोडला. कानांच्या पाळ्या तांबड्या झाल्या, त्यांचं मात्र त्याला काही करता आलं नाही.

मुलगी दाताच्या एका दवाखान्यात, मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवायची. दिवसभर अनोळखी माणसांचे जबडे तिच्याकडे बघून हसत आणि तिला त्यांचं काही वाटत नसे. प्लास्टर, मेण, सगळं तिच्या हाताखाली वेळच्या वेळी घट्ट व्हायचं. दही तेवढं होत नव्हतं. उन्हाळाभर ते कशातही लागत होतं. थंडी पडली आणि त्यानं हात वर केले.

विरजण आत्याचं होतं. आत्यानंच तिला वाढवलं, आणि गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. मागे राहिल्या दोन खोल्या, एक चष्मा आणि बरणीत हे विरजण. आत्याचं दह्याचं मडकं ती गेली त्याच दिवशी फुटलं. कुणी हात लावला नव्हता. ते फळीवर होतं, आणि मग फळीवर त्याचे तुकडे होते.

आत्याची चाखायची एक रीत होती. लागलेल्या दह्यात कडेनं करंगळी फिरवायची, एकदाच. आवडलं तर दुसऱ्यांदा. भाचीनं लावलेल्या दह्यात आत्याचं दुसरं बोट कधी पडलं नाही. भाचीच्या मागे लागलेल्या मुलांनाही तोच नियम होता. आत्या एकदा बघायची आणि पुन्हा विणकामात मान घालायची.

"एवढंच उरलंय," मुलगी पिशवीतून बरणी काढत म्हणाली. "हे मेलं की... आत्या पुरती गेली, असं वाटतं मला."

त्यानं थट्टा केली नाही. दह्याचं विजेवरचं यंत्र काढून दिलं आणि म्हणाला, "यातलं चमचाभर मला द्याल? यंत्र इथे चालवून बघतो. काही बिघडलं तर मला कळायला हवं ना."

तिनं चमचाभर दिलं. जिवावर आलं होतं, पण दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात हजर. घंटा दोनदा वाजली.

"प्लग निघाला होता," ती म्हणाली. "वायर गुंडाळून ठेवलेली, आणि तिला लोकरीची गाठ."

"झोपेत आवरता का तुम्ही?"

"मी जागेपणीसुद्धा आवरत नाही."

"हे मात्र पटतं," तो तिच्या पिशवीकडे बघत म्हणाला. पिशवीतून बरणीशेजारी कुणाचा तरी खालचा जबडा डोकावत होता. "मग थर्मास न्या. त्याला वायरच नाही."

थर्मासचं बूच सकाळी धुऊन, पुसून बशीत ठेवलेलं सापडलं आणि आत दूध थंडगार. मग ती मातीचं मडकं घेऊन गेली. ते रात्रीतून खिडकीत जाऊन, झाकण काढून हवा खात बसलं. ती परत आली. घंटा दोनदा वाजली. तो दर वेळी तिच्या मागे बघायचा, दर वेळी "दोघी?" म्हणायचा, आणि दर वेळी ती म्हणायची, "एकटीच हो! किती वेळा खात्री करून घेणार?"

"एकटी असण्याबद्दल ना? रोज," तो म्हणाला.

यावर ती हसली. घरी जाताना हसली, जिना चढताना हसली, आणि कुलूप उघडताना थांबली. आत कुणीतरी विणत असल्यासारख्या सुया वाजत होत्या. दार उघडलं तेव्हा काही नव्हतं. आत्याची खुर्ची तेवढी, अगदी जराशी, हलत होती.

बरणीत शेवटचा चमचा उरला. त्यानं दुहेरी पत्र्याचा स्टीलचा डबा दिला आणि दुधासाठी थर्मामीटर. म्हणाला, "यात नाही लागलं तर मी दुकान बंद करतो."

"बंद केलंत तर मी जाऊ कुठे?" ती बोलून गेली, आणि दोघंही काही वेळ डब्याच्या झाकणाकडे फार लक्षपूर्वक बघत राहिले.

तिनं दूध मोजून गरम केलं, विरजलं, डबा बंद केला, शालीत गुंडाळला. सकाळी शाल घडी घालून ठेवलेली होती. डबा उघडा होता. थर्मामीटर आत्याच्या चष्म्याच्या घरात नीट झोपवलेलं, आणि चष्मा काड्या उघडून टेबलावर. डब्याकडे तोंड करून. आतल्या दह्याला तार सुटली होती, वासही येत होता.

सगळं संपलं होतं.

ती दुकानात आली ती डोळे पुसतच. घंटा दोनदा वाजली, पण या खेपेला त्यानं तिच्या मागे पाहिलं नाही.

"गेलं," ती म्हणाली. "शेवटचा चमचा होता. आता आत्याचं काहीच नाही माझ्याकडे."

"बसा आधी. मला एक सांगा, प्लग कोण काढतं?"

"मला काय माहीत!"

"यंत्रं सगळी चांगली आहेत. तुम्हाला पुन्हापुन्हा इथे यायला लागावं, असं कुणाला तरी वाटतंय."

तिनं नाक पुसलं आणि संशयानं पाहिलं. "कुणाला?"

"मला तर वाटतंच," तो म्हणाला. "पण मी कुणाच्या घरात शिरून बुचं धूत नाही."

मग तो आत गेला आणि एक छोटं पांढरं भांडं घेऊन आला. "तुम्ही पहिल्या दिवशी चमचाभर दिलं होतंत. यंत्र तपासायला हवं होतं हे खोटं. तुमचं काहीतरी इथे राहावं, एवढंच होतं मनात. त्याचं मी रोज दही लावतो. रोज लागतं."

तिचा जीव भांड्यात पडला. भांडं अर्थातच त्याच्या दुकानातलं.

"फक्त," तो जरा ओशाळून म्हणाला, "उंदराचा त्रास आहे. रोज सकाळी कडेला खरवडलेलं असतं."

त्यानं झाकण काढलं. दही घट्ट, सुरीनं कापावं असं. आणि कडेला एक खळगा.

ठसे ओळखणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता. तिनं पिशवीतून भिंग काढलं, वाकून पाहिलं, आणि बराच वेळ सरळ झालीच नाही. खळगा बोटाचा होता. बारीक, करंगळीचा. टोकाशी डावीकडे किंचित वळलेला. आत्याची करंगळी लहानपणी दारात चेंगरून तश्शीच वळली होती.

"उंदराला करंगळी असते का हो?" ती अगदी हळू म्हणाली.

तिनं त्याला आत्याची रीत सांगितली. तो ऐकत गेला तसतसा त्याचा चेहरा दह्यासारखा झाला. मागच्या फळीवर एक पातेलं आपोआप किणकिणलं.

"म्हणजे त्या... रोज इथे येतात? माझं दही चाखायला?"

"आणि रोज एकच बोट. नापास आहात तुम्ही."

तो घाबरलेला होता. पण पुरता दुकानदार होता. "नापास माणसाकडे रोज कोण येतं?" त्यानं विचारलं.

तिनं पुन्हा त्या खळग्याकडे पाहिलं. न आवडलेल्या माणसाकडे आत्या दुसऱ्यांदा बघतही नसे, आणि याच्याकडे ती रोज येत होती. आणि भाचीनं रोज यावं म्हणून स्वतःचं विरजण चमच्याचमच्यानं वाया घालवत होती.

त्यानं भांड्यावर झाकण ठेवलं, वर हात ठेवला, आणि बहुतेक धीर यावा म्हणून डोळे मिटून घेतले.

"तुम्ही आता काही विकत घ्यायला येऊ नका," तो म्हणाला. "तशाच या. म्हणजे... राहायलाच या. मला तुमच्याशी लग्न करायचंय. आत्यांचा नियम मान्य आहे. आणि त्या दिवशी सोडलेला हात पुन्हा धरायचा राहिलाय तेवढा—"

त्याच्या हाताखाली झाकण हललं.

त्यानं हात चटकन काढून घेतला. झाकण थोडं उचललं गेलं, कलतं झालं, क्षणभर तसंच राहिलं आणि पुन्हा बसलं, अजिबात आवाज न करता. आत्याला भांडी आदळलेली खपत नसत.

दोघांनी मिळून ते उघडलं.

कडेला दोन खळगे होते.

तिनं दुसऱ्याला बोट लावून पाहिलं. दही गार होतं. खळगा कोमट होता. ती रडली, आणि रडताना तिला हसूही येत होतं, त्यामुळे दोन्ही धड जमेना.

"आता ती नाही यायची," ती म्हणाली. "तिचं काम झालं."

"मग उद्यापासून चाखायचं कुणी?"

"तू," ती म्हणाली.

त्या एका अक्षरानं त्याचे कान पुन्हा तांबडे झाले. त्यानं भीतभीत करंगळी बुडवली, चाखली, छताकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून विचार करू लागला.

"काय?" ती म्हणाली. "एकदाच?"

"थांब गं... अशी घाई नाही करायची."

"अरे पण—"

त्यानं दुसऱ्यांदा करंगळी बुडवली.

दाराची घंटा वाजली. एकदाच. दोघांनी वळून पाहिलं. दार हळूच लागत होतं, बाहेर धुकं होतं, आणि आत कुणीच आलेलं नव्हतं.