उलटे वेढे

“साहेब, व्हॉल्व्ह मी नीट बसवला होता. पण संध्याकाळी मला आत टाकतील,” प्लंबर म्हणाला.

तीन दिवसांपूर्वी याच न्हाणीघरात गीझरची टाकी फुटली आणि घरातली बाई जागीच गेली. तिच्या नवऱ्याने प्लंबरवर तक्रार केली होती.

अण्णा पूर्वी बॉयलर तपासायचे, आता अशी कोडी सोडवायचे. सोबत मेहुणे तात्या होतेच.

अण्णांनी सेफ्टी व्हॉल्व्ह उचलला. दाब वाढला की पाणी बाहेर सोडायचं, हे त्याचं काम. पण त्याच्या तोंडाशी कुणीतरी पितळी बूच आवळलं होतं. बुचाच्या आट्यांवरची पांढरी टेप चुरगळून गोळा झाली होती.

“यानेच मारलं बूच!” तात्या म्हणाले.

“दम धरा हो.” अण्णांनी प्लंबरच्या हाती टेप दिली. त्याने वेढे घेतले, बूच पिळलं. टेप जराही हलली नाही.

खालच्या मजल्यावरचा शेजारी फणकारला, “माझं छत ओलं झालं, भांडलो मी. पण वर पाऊल टाकलं नाही!” त्याच्याकडूनही अण्णांनी टेप गुंडाळून घेतली. वेढे प्लंबरसारखेच.

नवरा स्वयंपाकघरात बसला होता. फळीवरच्या साऱ्या कपांचे कान डावीकडे होते.

“तिची मांडणी. हलवली नाही,” तो म्हणाला. उजव्या हाताने त्याने पाणी ओतलं. डाव्या अंगठ्यावर मळकी पट्टी होती.

“व्हॉल्व्ह गळत होता?”

“टपटप, टपटप! झोप उडाली होती माझी. आठवडाभर तिच्यामागे भुणभुण लावली. मग थांबलं एकदाचं. वाटलं, प्लंबर येऊन गेला.”

“मला कुणी बोलावलंच नाही,” प्लंबर म्हणाला.

“पट्टी कुणी बांधली?”

“तिनेच. आदल्या दिवशी.”

अण्णांनी पट्टीचे वेढे निरखून पाहिले.

“उजव्या हाताचा माणूस टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळतो. डावखुऱ्याचे वेढे सहज उलटे पडतात, मग बूच पिळताना टेप चुरगळते. ही पट्टीही उलटीच आहे. बाई डावखुऱ्या होत्या. तुमची झोप मोडते म्हणून बूच त्यांनीच लावलं. पण ती गळती नव्हती, व्हॉल्व्ह दाब सोडत होता. आत येणाऱ्या नळीवर एकमार्गी व्हॉल्व्ह, त्यामुळे पाणी मागे जाईना. पुढे बूच. त्यात तापमान आवरणारा थर्मोस्टॅट अडकला, पाणी तापतच राहिलं.”

तात्यांची मान खाली गेली.

नवऱ्याने कागद ओढला, तक्रार मागे घेतल्याचं लिहून सही केली. पट्टीवरून एकदा बोट फिरवलं.

“नवा गीझर बसव,” तो प्लंबरला म्हणाला. “व्हॉल्व्ह असाच घाल. गळू दे रात्रभर. मी ऐकत बसेन.”