मासोळीची शेपटी का वाळली?

"दिवा बघू नकोस, मातीत बोट घाल," असं आजोबांनी भिंगरीला बजावलं होतं. एकटेच राहणाऱ्या आजोबांचा उभा जन्म रोपवाटिकेत गेलेला. पण भिंगरीने ते हसण्यावारी नेलं. "आजोबा, आता भिंतच सांगते सगळं," ती फोनवर म्हणाली होती.

आणि सांगायचीच ती. वस्तीतल्या मुलांनी वाचनालयाच्या आतल्या भिंतीवर एकशेवीस कुंड्यांत नेचे लावून एक भलीमोठी मासोळी उभी केली होती. कुंड्यांना पाणी द्यायला पंप होता; मातीत ओल असली की मासोळीमागचे दिवे हिरवे, नसली की लाल. सुट्टी संपताना उद्घाटन होतं. तोवर रोपं जगली नाहीत, तर ग्रंथपालबाई तिथे प्लास्टिकची पानं लावणार होत्या.

सुट्टीच्या नवव्या दिवशी भिंगरीने मान वर केली. दिवे हिरवेगार, आणि मासोळीची शेपटी तपकिरी!

"ऊन लागलं असेल," दिवे बसवणारा तंत्रज्ञदादा म्हणाला. "हा बघ फोन. ओलावा ऐंशी टक्के."

"इथे आत कुठलं ऊन?" भिंगरीचा चष्मिस भाऊ पुटपुटला. त्याला सगळे प्रोफेसर म्हणत.

भिंगरीने शिडीवर चढून शेपटीतल्या कुंडीत बोट खुपसलं. माती ठणठणीत कोरडी.

"आज इथून हलायचं नाही," ती म्हणाली.

"जेवायलाही नाही?"

"डबा आणलाय, खादाडा."

दोघं नकाशांच्या कपाटामागे दबा धरून बसली. तीनच्या सुमारास दिवे लाल झाले. लगेच वाचनालयाचे पहारेकरीकाका पाण्याचा मग घेऊन आले, खालच्या एकाच कुंडीत पाणी ओतलं आणि गेले. दिवे हिरवे. ओलावा मोजणारी कांडी नेमकी त्याच कुंडीत रोवलेली होती!

"चल, सांगू या," प्रोफेसर उठला.

"दादा परत फोन नाचवेल. थांब."

तिने कांडी उपसली, लांब तार ओढत शिडीवर गेली आणि ती शेपटीत खुपसली. अख्खी भिंत लालभडक झाली. काका धावत आले. त्याच खालच्या कुंडीत एक मग. लालच. दुसरा मग. तरी लालच. तोवर तंत्रज्ञदादा आणि ग्रंथपालबाईही हजर.

"अजून एक ओता ना, काका," भिंगरी शिडीवरून म्हणाली.

काकांनी रिकामा मग खाली ठेवला. "पंप घरघरतो म्हणून वाचणारे डाफरतात, दिवा लाल झाला की बाई डाफरतात. पंप बंद केला आणि दिवा सांभाळला. मी तरी काय करू?"

बाईंनी स्वतः बादली उचलली. पंपाखाली जाड रबर आलं, एकीच्या जागी दहा कांड्या आल्या. चौदा रोपं गेली, बाकीची तगली. उद्घाटनाला बाई म्हणाल्या, "आम्ही दिवे बघत राहिलो. या दोघांनी रोपं बघितली."

टाळ्या चालू असतानाच भिंगरीला आजोबा आठवले. रोज फोनवर, हिरव्या दिव्यासारखं, तेच एक वाक्य, "मी मजेत." तिने प्रोफेसरचा हात धरून ओढलं. दोघं आजोबांच्या घरी पोचली तर त्यांचा पाय सुजून टम्म, आणि तीन दिवस नुसत्या बिस्किटांवर काढलेले.

तुमचंही कुणी फोनवर रोज "मी मजेत" म्हणतं ना? मग पुस्तक मिटा, आणि आज एकदा जाऊन बघून या.