टिकलीएवढी जागा

मंगळवारी सकाळी नऊ वाजता मृणालिनी खांडेकरच्या टेबलावर एक चेहरा येऊन पडला.

फोटोच होता, पण तिनं कॉफीचा कप बाजूला सारला. साठीची बाई. गाल, हनुवटी, कपाळ, सगळं भाजून तांबडं-काळं झालेलं. डोळे कॅमेऱ्याकडे बघत होते. त्यांत राग नव्हता, नुसती लाज होती.

साहेबाच्या मते ही 'तुझ्या लोकांची' केस होती. फाइल ठेवून तो निघून गेला.

डॉक्टर-नर्सच्या लायसन्सवर आलेल्या तक्रारी तपासणं हे मृणालिनीचं काम. सत्तावीस वर्षं तेच. रिटायरमेंटला तीन महिने उरले होते आणि उजवा गुडघा तर त्याआधीच रिटायर झाला होता. तरुण दिसायला गेलेल्या माणसांच्या फाइली तिनं ढिगानं वाचल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

सिएटलजवळच्या बॉथेलमधलं स्किन क्लिनिक. मालक डॉक्टर विनय टिपणीस, वय एकाहत्तर. पेशंट सुनेत्रा दाभाडे. गुरुवारी चेहऱ्यावर लेझर केला, सोमवारी सकाळी बाई अशी दारात उभी. तक्रार खुद्द डॉक्टरांनीच केलेली, आपल्याच नर्सविरुद्ध: तिनं लेझर एकाच जागेवर दोनदा फिरवला. फोटोही त्यांनीच काढलेला. तातडीची सुनावणी शुक्रवारी. हरली तर उर्वी नावाच्या त्या नर्सचं लायसन्स जाणार.

मृणालिनीनं रेनकोट उचलला. बाहेर सिएटलचा नेहमीचा रिपरिपता पाऊस. पडतही नव्हता धड, थांबतही नव्हता.

---

डॉक्टर टिपणीस दारापर्यंत न्यायला आले. खुर्ची पुढे केली, चहा मागवला. पांढरे केस, मऊ आवाज. असल्या माणसाला प्रश्न विचारायचे म्हणजे आपणच अपराधी असल्यासारखं वाटतं.

"उर्वी चांगली मुलगी आहे हो," ते म्हणाले. "पण घाई करते. सहा पेशंट होते त्या दिवशी. हात दोनदा फिरला असणार."

"मशीनमध्ये नोंद असते ना?"

"एनर्जी किती ठेवली, त्याची असते. ती बरोबर आहे. पण कुठल्या जागी किती वेळा फिरवलं, ते मशीनला काय कळतंय?"

"म्हणजे पुरावा चेहराच."

"दुर्दैवानं." त्यांनी चष्मा पुसला. "सुनेत्रावहिनी म्हणजे घरच्याच. त्यांचे यजमान चंद्रशेखर आणि मी एकाच वर्षी या देशात आलो. निहारचं, त्यांच्या मुलाचं, दोन आठवड्यांवर लग्न आहे, फ्रिस्कोला. मला तोंड दाखवायला जागा नाही उरली."

बोलता बोलता त्यांची नजर मृणालिनीच्या कपाळावर गेली. "तो तीळ कधीपासून आहे? दाखवून घ्या एकदा. बघू?"

भिंग घेऊन ते वाकले. तीळ टिकलीला लागूनच होता. मृणालिनीनं टिकली काढायला हात वर केला.

"राहू द्या, राहू द्या," ते घाईनं म्हणाले. "सवाष्णीची टिकली मी कधी काढायला लावत नाही. काम बाजूनं होतं." आणि त्यांनी बाजूनंच तीळ तपासला. साधाच निघाला.

मृणालिनीला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचा कंटाळा आला. चांगल्या माणसांच्या फाइली सगळ्यात जाड होतात, हा तिचा अनुभव.

---

उर्वी मागच्या खोलीत बसली होती. चौतीस वर्षांची, नागपूरची. डोळे सुजलेले.

"चार वर्षं लागली मला इथलं लायसन्स मिळवायला, ताई. दिवसा नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची आणि उरलेल्या वेळात अभ्यास. मी दोनदा नाही फिरवला. शपथ!"

"शपथ फाइलला लावता येत नाही. गुरुवारी काय काय केलंस, सुरुवातीपासून सांग."

"आधी टिकली काढली. काकू नको म्हणत होत्या, पण मी ऐकलं नाही. बधिर करणारी क्रीम लावली. तासाभरानं पूर्ण पुसली. चेहरा कोरडा हवा, तेलाचा थेंबही नको. डोळ्यांवर शील्ड. मग लेझर, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एकदाच. शेवटी फोटो."

तिनं तो फोटो दाखवला. चेहरा उन्हातून आल्यासारखा लालसर. सगळीकडे बारीक ठिपक्यांची जाळी उमटलेली, टाचणीनं टोचल्यासारखी.

"ही जाळी?"

"लेझर असाच ठिपक्या-ठिपक्यांनी कातडी उकलतो. मग खालून नवी, घट्ट कातडी येते. आठवडाभर जाळी दिसते, मग झडते. तोवर कातडी एकदम नाजूक. मेकअप नको, टिकली नको, ऊन नको, फक्त आम्ही दिलेलं मलम. काकूंना कागदावर लिहून दिलं होतं."

"इथं आणखी काय करता?"

"पील. म्हणजे ॲसिड लावून वरचा थर काढायचा. पण ते फक्त सर करतात. बाटली त्यांच्या ड्रॉवरमध्ये, किल्ली त्यांच्याकडे. ते डोळ्यांच्या, नाकाच्या, ओठांच्या कोपऱ्यांना व्हॅसलीन लावतात, ॲसिड तिथं साचू नये म्हणून. मला बघायची परवानगी आहे, करायची नाही."

"लेझरच्या वेळी व्हॅसलीन लावता?"

"छे! तेलकट चेहऱ्यावर लेझर नाही चालत." तिनं नाक ओढलं. "ताई, सर असं कसं लिहू शकले? मी त्यांना वडिलांसारखं मानते, यार."

मृणालिनीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

---

दाभाड्यांच्या घरी चंद्रशेखरनी दार उघडलं. सुनेत्राताई सोफ्याच्या टोकाला बसल्या होत्या, पडदे ओढून, ओढणी गालापर्यंत घेऊन.

"गुरुवार ते सोमवार. चेहऱ्याला काय काय लावलंत?"

"उर्वीनं दिलेलं मलम. दुसरं मी काही लावलं नाही."

"बाथरूम बघू?"

बाथरूममध्ये दुकान होतं. सुरकुत्यांची क्रीम, डागांची क्रीम, रात्रीची, डोळ्यांखालची. चौदा बरण्या. मृणालिनीनं एकेक उचलून बघितली. बाईनं स्वतःच काहीतरी चोपडलं आणि आता भीतीनं बोलत नाही, अशी तिला जवळजवळ खात्री पटली. पण बहुतेक बरण्यांची सीलंही तुटलेली नव्हती.

"हिला विकत घ्यायची हौस," चंद्रशेखर मागून म्हणाले. "लावायचा आळस."

"आळस नाही, भीती वाटते," बाहेरून आवाज आला.

मृणालिनी परत येऊन बसली. "जळजळ कधी सुरू झाली?"

"रविवारी दुपारी. चारच्या सुमारास."

"म्हणजे तीन दिवस काहीच नाही?"

"काही नाही हो. शनिवारी तर इतकं छान दिसत होतं! मीच म्हटलं, लग्नात विहीण कोण आणि नवरी कोण, लोकांना कळायचं नाही." त्या हसल्या. हसताना दुखलं.

"रविवारी दिवसभर काय केलंत?"

"घरीच होते. विनयभावजी आणि त्यांची बायको आसावरी जेवायला आले होते. वालाचं बिरडं केलं होतं. म्हणून टिकलीही लावली. उर्वीनं आठवडाभर नको म्हटलं होतं, पण पाहुण्यांसमोर मोकळ्या कपाळानं कसं बसायचं? जेवण झालं, मी इथंच सोफ्यावर जरा पडले. आसावरी आणि हे पत्ते खेळत होते आत."

"आणि डॉक्टर?"

सुनेत्राताईंनी ओढणी सारखी केली. "होते इथंच. गप्पा मारत."

"कशाबद्दल?"

"लग्नाबद्दल." मग हळूच: "उर्वीचं काय होणार हो? मला तिचं वाईट नाही करायचं."

गाडीत बसल्यावर मृणालिनीनं दोन्ही फोटो मांडीवर ठेवले. वायपर फिरत होते. नवऱ्यानं चष्म्याबरोबर मागे ठेवलेलं भिंग तिनं पर्समधून काढलं.

सोमवारचा फोटो. कपाळ सगळं भाजलेलं. आणि बरोबर मधोमध, भुवयांच्या वर, एक गोल जागा स्वच्छ, न भाजलेली. त्या गोलात भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसत होती.

तिनं डोळ्यांचे कोपरे बघितले. नाकाच्या कडा बघितल्या. ओठांची टोकं बघितली. मग भिंग खाली ठेवलं.

---

गुरुवारी सकाळी क्लिनिकच्या खोलीत चौघं बसले. डॉक्टर, उर्वी, सुनेत्राताई, चंद्रशेखर. मृणालिनी उभी होती, कारण बसलं की गुडघा उठू द्यायचा नाही.

"मी फार बोलणार नाही," ती म्हणाली. "दमलेय. उर्वी, हे बघ. सुनेत्राताईंच्या कपाळावर मधोमध टिकलीएवढी जागा भाजलेली नाही. काय दिसतंय तिथं?"

"जाळी." उर्वी पुटपुटली. "लेझरची जाळी."

"म्हणजे गेल्या गुरुवारी लेझर त्या जागेवरून फिरला. टिकली नव्हती तेव्हा. पण ज्यानं भाजलं, ते त्या जागेवर पोचलंच नाही. कारण तेव्हा टिकली होती. लेझरनं भाजलं असतं तर ही जागाही भाजली असती."

"टिकली रविवारी लावली. जळजळही रविवारीच. मला वाटलं होतं, ताईंनी स्वतःच काही चोपडलं. पण भाजल्याची कड बघा. केसांच्या रेषेला सरळ थांबलीय. डोळ्यांचे, नाकाचे, ओठांचे कोपरे नीट वाचलेत. तिथं आधी कुणीतरी व्हॅसलीन लावलं होतं. आरशात बघून घाबरत क्रीम लावणारी बाई असं करत नाही. हा सवयीचा हात आहे. पीलचा. आणि इथं पील एकच माणूस करतो."

"विनयभावजी?" सुनेत्राताईंचा आवाज चिरकला. "पण ते तर व्हिटॅमिन होतं ना? तुम्हीच म्हणालात, फळांचं सीरम! उर्वीला सांगू नका, तिला वाईट वाटेल म्हणालात!"

चंद्रशेखर मित्राकडे बघत राहिले.

"डॉक्टरांनी बाटली घरी नेली," मृणालिनी पुढे म्हणाली. "जेवणानंतर सोफ्यावर, दहा मिनिटांत. तीन दिवसांपूर्वी लेझर झालेल्या चेहऱ्यावर ॲसिड. दुसरा कुठलाही डॉक्टर आधी टिकली काढा म्हणाला असता. तुम्ही म्हणाला नाहीत. तुम्ही बाजूनं काम केलंत. मंगळवारी माझ्या कपाळावर केलंत, तसंच."

डॉक्टर आपल्या हातांकडे बघत होते.

"वहिनी मराठी मंडळात म्हणत होत्या, एवढे पैसे घालवून फरक काही नाही," ते शेवटी म्हणाले. "हसतच म्हणाल्या. पण सगळ्यांसमोर. मला वाटलं, थोडंसं लावलं तर लग्नापर्यंत चेहरा उजळेल. आपल्या माणसासाठी करायचं म्हणून केलं. वाटलं होतं, हाताचा अंदाज अजून आहे."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी त्या दारात उभ्या होत्या. मी पंचेचाळीस वर्षं डॉक्टर आहे, मृणालिनीताई. दुसरं काही व्हायचं मला येत नाही." त्यांनी उर्वीकडे बघितलं, पण नजर पोचायच्या आधीच खाली वळली. "ती तरुण आहे. वाटलं, सावरेल."

चोर सोडून संन्याशाला फाशी. मृणालिनीनं ही म्हण आजवर किती अहवालांत लिहायची टाळली होती!

उर्वी रडत नव्हती. रडणं मंगळवारीच संपलं होतं. "सर, तुम्ही मला विचारलं असतंत तरी चाललं असतं," ती एवढंच म्हणाली. "मी सांगितलं असतं, आत्ता नका लावू."

"उद्याच्या सुनावणीत उर्वीचं नाव नसेल," मृणालिनी म्हणाली. "तुमचं असेल. ड्रॉवरची किल्ली द्या."

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. मृणालिनी निघाली तेव्हा, सवयीनंच, ते तिच्यासाठी दार धरून उभे राहिले.

"डॉक्टर," ती म्हणाली, "अरुण जाऊन सहा वर्षं झाली. मी सवाष्ण नाही. टिकली मी मला आवडते म्हणून लावते. तुम्ही सांगितलं असतंत तर काढली असती. सुनेत्राताईंनीही काढली असती. आणि मग मला काही सापडलंच नसतं."

त्यांनी मान हलवली. दार मात्र सोडलं नाही.

मागे सुनेत्राताई आरशासमोर गेल्या होत्या. ओढणी त्यांनी पहिल्यांदाच खाली घेतली होती. उर्वी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"लग्नापर्यंत जाईल हे?"

"नाही काकू. खोटं नाही सांगणार. वर्षभर लागेल. काही डाग राहतीलही."

"मी जाऊ तरी कशी मग फ्रिस्कोला?"

"जाल. मी येते हवं तर. ओढणी कशी घ्यायची, ऊन कसं टाळायचं, सगळं बघते."

सुनेत्राताई रडू लागल्या. खारट पाणी गालांवर झोंबत होतं, तरी थांबत नव्हत्या. उर्वीनं कापूस भिजवून हलक्या हातानं टिपायला सुरुवात केली.

"आणि टिकली?" त्यांनी हुंदक्यातच विचारलं. "आता कायमचीच नको का?"

उर्वीनं त्यांच्या कपाळाच्या मधल्या गोल जागेवर बोट टेकलं.

"लावा ना काकू," ती म्हणाली. "तेवढीच जागा धड आहे."