चंद्राचा पीळ आणि दाढीचा आरसा

चंद्रावरून प्रकाश येत होता, पण निरोप काही येत नव्हता.

भैरवमाळावरच्या प्रकाशकेंद्रात खंडेनवमीची संध्याकाळ होती आणि शाल्मली पडद्यासमोर ठाण मांडून बसली होती. तिचे बाबा चांद्रतळावर काम करत. दिवाळीला घरी येणार की नाही, हे ते आज कळवणार होते. उद्यापासून तळावरचा निरोप धाडणारा दिवा दुरुस्तीसाठी महिनाभर बंद. एरवी पडद्याच्या मधोमध ठिपके उमटत आणि त्यांची अक्षरं होत. आज नुसती फिकट कडी दिसत होती, मध्ये काळोख.

"आत्या, बाबा रुसलेत का गं?"

"रुसलंय ते यंत्र," हेमांगीआत्या म्हणाली. केंद्र तीच सांभाळायची आणि त्यांचं घरही तिथेच होतं. काम अडलं की चष्मा डोक्यावर सरकवायची आणि मग तोच शोधत बसायची. तोरणाची उरलेली सुतळी तिने उचलली. "बघ, तीन पदरांना पीळ दिला की सुतळी होते. बाबांचा प्रकाशही असाच पिळलेला येतो. त्याच्या लाटा गोल जिन्यासारख्या वळत पुढे सरकतात. म्हणून मधोमध अंधार राहतो."

"मग अक्षरं कशी कळतात?"

"पदर किती, त्यावरून. ही सुतळी एक तृतीयांश फिरव."

शाल्मलीने फिरवली. पहिल्या पदराच्या जागी दुसरा आला आणि सुतळी होती तशीच दिसली.

"ही सममिती (फिरवूनही रूप न बदलणं). चार पदर असते, तर पाव फेरीतच असं झालं असतं. एकेका फोटॉनलाही (प्रकाशाचा सर्वांत लहान कण) असा पीळ असतो, आणि मोजायला गेलं की तो पूर्ण आकड्यातच सापडतो. तीन नाहीतर चार, साडेतीन कधीच नाही. म्हणून इतक्या लांबून मोजकेच कण पोचले तरी अक्षर वाचता येतं. आपल्या यंत्रातल्या काचेच्या चकत्या त्या पिळाला तेवढाच उलटा पीळ देतात. पीळ सुटला की मधला अंधार जातो आणि ठिपका उमटतो. आज तो सुटतच नाहीये."

तेवढ्यात बंडोपंत आले. बंडोपंत म्हणजे केंद्रातला यंत्रमानव, कामाला वाघ आणि शब्दाला पक्का. "पूजेला फुलं वाहायची राहिली आहेत," ते म्हणाले.

शाल्मली तोंड फुगवून उठली. पाटावर पक्कड, पाने अशी अवजारं मांडली होती आणि मधोमध कुंकू लावलेला एक लखलखीत आरसा. झेंडू वाहायला ती वाकली, सुतळी हातातच होती. आरशातल्या सुतळीचा पीळ भलत्याच बाजूला झुकलेला होता. तिने सुतळी उलटीपालटी करून पाहिली, तरी तेच.

"आत्या, आरशात उजवा पीळ डावा होतो."

आत्या धावतच आली. "अगं, म्हणजे आज उलटा पीळ येतोय. चकतीतून गेल्यावर तो सुटायचा सोडून आणखी आवळतो. पण यंत्रात दोन आरसे आहेत. पहिला पीळ उलटा करतो, दुसरा पुन्हा सुलटा." मग तिची नजर पाटावर गेली. "बंडोपंत, हा आरसा कुठला?"

"यंत्रातला दुसरा. सर्वांत जास्त राबलेलं अवजार पूजेला मांडा, असं आपणच म्हणालात. मी पहिला आरसा वळवून प्रकाश थेट चकत्यांवर सोडला." बंडोपंतांच्या आवाजात अभिमान होता.

शाल्मलीने आरशाकडे हात नेला. आत्याने तिचा हात हलकेच धरला. "वर्षभर राबतो बिचारा. पूजेला बसवलेलं उद्यापर्यंत उचलत नाहीत. मी हे कधी मोडलेलं नाही गं." बोलताना तिचा आवाज बारीक झाला.

शाल्मली मटकन पाटाजवळ बसली. दिवाळीपर्यंत रोज वाटेकडे डोळे लावून बसायचं? मग एकदम तिचे डोळे चमकले. ती मोरीकडे पळाली आणि खुंटीवरचा बाबांचा दाढीचा आरसा घेऊन आली. त्यावर साबणाचे जुने डाग होते.

"पीळ कुठलाही आरसा उलटवतो ना?"

आत्या खळखळून हसली. "थोडा प्रकाश वाया जाईल. पण उलटवतो, बाई."

दाढीचा आरसा रिकाम्या जागी बसला. पहिला आरसा पुन्हा त्याच्याकडे वळवला. कडी आक्रसली, मधोमध ठिपका उजळला आणि अक्षरं उमटू लागली.

"शमू, दिवाळीला येतोय. पुढच्या खेपेला तुलाही इथे आणायचं ठरलंय. माझा दाढीचा आरसा पुसून..."

शाल्मलीने आनंदाने फडकं उचललं आणि ती यंत्राकडे निघाली. बंडोपंत लगबगीने आडवे आले.

"आत्ता नको, ताई. वाक्य पुरं होऊ दे."