डमीच्या जागी झोपलेला

पैज मी लावली, घेतली माझ्या दोस्तानं, ढापण्यानं. आता दोघांतला येडा कोण ते तुम्हीच ठरवा. आणि ए छोट्या, तो मोबाईल बंद कर. उजेडात कसली आलीय भुताची गोष्ट?

तर मला काम होतं फक्त खुर्च्या मांडायचं. दवाखान्याच्या मागे पोरींची नर्सिंग शिकायची खोली आहे ना, तिथे. शनिवार होता. रविवारी सकाळी मोठ्या सिस्टरांची शोकसभा. वॉचमन काकांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. माझ्या! बोला आता.

तुम्ही सुट्टीपुरते येणारे पाहुणे, तुम्हाला मोठ्या सिस्टर काय माहीत. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली. मीपण. आई म्हणते, तेव्हाच परत आत ढकलायला पाहिजे होतं. ड्युटी संपली की त्या घरी जायच्या नाहीत, कुणाची बाळंतीण बघ, कुणाचा म्हातारा बघ. न्हाव्याला वस्तरा उकळायला लावला त्यांनी! तो अजून शिव्या देतो आणि अजून उकळतो. आणि शाळा सुटलेल्या पोरी गोळा करून त्यांना शिकवायच्या. आमची ताई त्यातलीच. दहावीला दोनदा गचकलेली. सिस्टर बाबांना म्हणाल्या, "हात चांगलाय हिचा. द्या माझ्याकडे."

शिकायला एक डमी होती. सिस्टरांनीच जुन्या चादरींची शिवलेली, माणसाएवढी. तिला हात लावायच्या आधी तळवे चोळून गरम करायचे आणि सांगायचं, "मी आता तुमचा हात उचलते हं." ताईनं एकदा विचारलं, "सिस्टर, कापडाला काय कळतंय?" तर म्हणाल्या, "तुला कळतंय ना? मग बोल."

सिस्टर गेल्या आणि ती डमी त्याच आठवड्यात गायब झाली. खोलीची जबाबदारी ताईवर. सिस्टरांच्या जागी आलेल्या नवीन मॅडमनी तिची किल्ली काढून घेतली आणि सांगितलं, सभेपर्यंत डमी आली नाही तर तू कोर्समधून बाहेर. ताई जेवेना. नुसती भिंतीकडे तोंड करून पडलेली.

बहीण रडतेय आणि याला मस्ती सुचते, असं म्हणाल. सुचते. काय करू?

मी ढापण्याला म्हटलं, "रात्रभर डमीच्या खाटेवर झोप. सकाळी पोरी चादर उचलतील, तू भॉऽ कर."

"नको रे. दुसरं काहीतरी."

"फाटली?"

आता असं विचारल्यावर माणूस काय करणार? झोपला. तोंडावर चादर घेऊन. मी बाहेरून कुलूप लावलं, किल्ली चड्डीच्या खिशात घातली आणि घरी जाऊन ढाराढूर. खोलीच्या खिडक्यांना गज आहेत. हे नीट ऐका. गज आहेत.

पुढचं ढापण्यानं सांगितलंय. एकदाच. परत विचारलं की उठून जातो.

साडेअकराला लाईट गेली. पंखा थांबला. त्याला वाटलं, मीच फ्यूज काढला. "ए माकडा, लाव पंखा," असं ओरडला पण.



मग चपला वाजल्या. रबरी. फट… फट… खोलीच्या आत.

दार उघडल्याचा आवाज नव्हता आला.

चपला खाटेपाशी थांबल्या. मग दुसरा आवाज. कोरडा. हळू. तळहातावर तळहात… चोळल्याचा.

ढापण्यानं डोळे गच्च मिटले. ओरडायचं होतं. जमेना.

"मी आता तुमचा हात उचलते हं."

आणि हात उचलला गेला. चादरीखालून. त्या बोटांना ऊब होती रे… तापलेली नाही, नुसती ऊब. मनगटावर दोन बोटं टेकली. नाडी मोजताना टेकतात तशी.

बराच वेळ.

मग अगदी कानाशी…

"कुठे दुखतंय?"

तो बोलला नाही. परत विचारलं नाही कुणी. पण बोटंही उठली नाहीत. वाट बघत राहिली… नुसती वाट…

कधी डोळा लागला त्याला माहीत नाही.

सकाळी मी कुलूप काढलं. म्हटलं, आता हा ओरडणार. कुठलं काय. चेहरा उघडा, डोळे टक्क. चादर गळ्यापर्यंत. आणि ती चादर खांद्यापासून पायापर्यंत गादीखाली खोचलेली. दोन्ही बाजूंनी. घट्ट. ढापण्याचे हात आत. घरी जाऊन करून बघा, आत झोपून स्वतःलाच असं खोचता येतं का ते.

मी एक बाजू सोडायला गेलो.

"नको सोडू," तो म्हणाला. आवाज बसलेला. "आधी ताईला बोलव."

पळत गेलो. ताई होती तशी आली, केस पण न विंचरता. खाटेपाशी वाकली. चादरीच्या कडेवरून बोट फिरवलं. कोपऱ्याच्या घडीशी थांबली, सिस्टर घालायच्या तश्शी घडी. बराच वेळ कोपराच बघत होती.

"ही चादर कुणी लावली?"

मी नाही म्हणून मान हलवली. माझी खरंच टरकली होती.

"ते मला माहीत नाही, ताई," ढापण्या म्हणाला. रडत होता, पण डोळे पुसायला हात बाहेर काढला नाही त्यानं. "डमी मी नेली. तू पाणी आणायला गेलीस तेव्हा. रस्त्यावर बसवून लोकांना घाबरवणार होतो… ट्रकखाली गेली. पोत्यात आहे, आमच्या गच्चीवर. मॅडमना मीच सांगतो. आता सोड मला."